वर जाणारा बाण

आमच्या बिल्डिंगीत कोण किती इंटरनेट खातं हे एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच माझ्या मनात आलं होतं. त्यातून पुढे एका सज्जन माणसावर भर चौकात आळ आला, एक कोरियन प्रेमप्रकरण उघडकीला आलं, आणि कोकणातल्या एका अख्ख्या वाडीची माझ्यावर खप्पा मर्जी झाली, यात माझा दोष नाही. (प्राचीचं मत वेगळं आहे. प्राची माझी बायको. तिचं मत वेगळं असणं हा आमच्या संसाराचा पाया आहे.)

बिल्डिंग गिरगावातली, खोताची वाडी सुरू होते त्याच्या तोंडाशी. लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, मध्ये गल्लीच्या बाजूने उघडा चौक, चौकात तुळस. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून इंटरनेटचं एकच जाडजूड कनेक्शन. ते येतं दुसऱ्या मजल्यावर आमच्या घरी, लोखंडी कपाटावर ठेवलेल्या सर्व्हरमध्ये. तिथून वायरी खाली चौकातल्या एका पेटीत जातात आणि पेटीतून घरोघर फुटतात. एक वायर तर गल्लीवरून उडी मारून समोर व्हिक्टरच्या लाकडी घरात शिरते. तिच्यावर तो रुमाल वाळत घालतो.

सर्व्हर या शब्दाने दबकून जाऊ नका. फोर्टातलं माझं ऑफिस जुने कॉम्प्युटर भंगारात काढत होतं, त्यातला एक खोका मी टॅक्सीत मांडीवर बसवून घरी आणला. तो घरघरतो, गरम होतो आणि सांगितलेलं पहिल्या फटक्यात ऐकत नाही, म्हणून प्राची त्याला माझा धाकटा भाऊ म्हणते. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असतो. मला नसतो.

तर सगळं सुरळीत चाललं असताना प्राचीने ऑनलाइन क्लास काढला. मालवणी स्वयंपाकाचा. कित्येक महिने ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहून 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणायची तालीम करत होती. (पहिले काही दिवस मला वाटलं, नमस्कार मलाच आहे. मी उलट नमस्कार करायचो.) परदेशात संसार थाटलेल्या पोरींनी नावं नोंदवली. शिवाय टोरांटोहून वॉरेन नावाचा कुणी गृहस्थ होता, जो स्वतःचा कॅमेरा कधीच चालू करत नसे, पण लिहून प्रश्न विचारायचा तो असा नेमका की प्राची खूश.

पहिल्या रविवारी शिरवाळे होते. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे, खाली शेवया पडतात, त्या गुळाच्या नारळरसात बुडवून खायच्या. सगळी करामत गरम असण्यात. गोळा गार झाला की त्याचा दगड होतो. प्राचीने साचा उचलला, म्हणाली, "आता नीट बघा हं, हात असा..." आणि चित्र थिजलं.

चित्र कुठे थिजलं ते महत्त्वाचं आहे. पुढे प्राची, एक डोळा अर्धा मिटलेला. मागे मी. अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी आणि नारळरसाचं पातेलं थेट तोंडाला. (मी फक्त गूळ बघत होतो.) असा मी जगाच्या निरनिराळ्या खंडांत बराच वेळ टांगून राहिलो. चित्र परत हललं तोपर्यंत गोळ्यांचे दगड झाले होते, निम्म्या पोरी निघून गेल्या होत्या, आणि उरलेल्यांपैकी एकीने लिहिलं होतं, 'ताई, मागचे काका ठीक आहेत ना?'

त्या दिवशी प्राची रडली नाही की ओरडली नाही. तिने साचा धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला, तो अशा पद्धतीने की मला खरंच वाईट वाटलं. मग म्हणाली, "पोरींना सांगितलंय, पुढच्या रविवारी हाच क्लास परत घेते म्हणून. परत अडकला तर मी क्लास बंद करणार."

"असं काय," मी म्हणालो.

"आणि क्लास बंद झाला की मी मोकळी. दिवसभर. तुमच्याकडे लक्ष द्यायला."

ही धमकी होती की प्रेम, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ओळखता येत नाही. मी दोन्ही धरून कामाला लागलो.

ऑफिसात राजरत्न आहे, परळचा. आमचे सगळे सर्व्हर तो सांभाळतो आणि त्या जोरावर मोठ्या साहेबालासुद्धा 'बंद करून चालू केलंत का?' असं तोंडावर विचारतो. त्याला मी सगळं सांगितलं. (बनियनचा भाग वगळून. तो त्याला आधीच कुठून तरी कळला होता.) तो म्हणाला, कनेक्शन चांगलं आहे, पण कुणीतरी मधल्यामधे ओरपतंय. सर्व्हरवर मॉनिटरिंगचं टूल टाक, कोणाकडून कुठे किती चाललंय ते समोर दिसेल. फक्त ते कन्सोलवर चालतं.

कन्सोल म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माउस नाही, चित्र नाही, 'पुढे' असं लिहिलेलं बटण नाही. टाइप करायचं आणि देवाची वाट बघायची. राजरत्नने आज्ञा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवली. मी लॅपटॉपवरून खोक्याला जोडून घेतलं, आज्ञा जशीच्या तशी टंकली, आणि खोक्याने पासवर्ड मागितला. मी द्यायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना. टिंब नाही, फुली नाही. मी जोरात दाबून पाहिलं. मग मी कीबोर्ड बिघडला असं ठरवून लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून शेव पडली, अख्खा तांदूळ पडला, आणि मंगळसूत्राचा एक काळा मणी पडला, ज्यावरून आमच्या घरी एक भांडण अर्धवट राहिलं होतं. ते तिथेच पूर्ण झालं. मी लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा कीबोर्ड आणला, जोडला, पासवर्ड टाइप केला. काहीच नाही.

मी राजरत्नला फोन लावला. त्याने आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाला, "लवू, पासवर्ड तिथे दिसत नसतो. तू टाइप कर, तो मनातल्या मनात वाचतो."

"मग मी सकाळपासून टाइप केला तो?"

"तोही वाचलाय त्याने. एकापुढे एक लावून."

एंटर दाबत दाबत पुन्हा सुरुवात केली. या वेळी अक्षरांचा असा धबधबा सुटला की मी खुर्ची मागे घेतली. मध्येच त्याने थांबून विचारलं, एवढी एवढी जागा लागेल, पुढे जाऊ, हो की नाही? मी छाती भरून 'हो' दाबलं. अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा मी इतका ठाम नव्हतो.

टूल बसलं. चालू केलं तर पडद्यावर एकच ओळ, तीही मधूनच लुकलुकणारी. मी संध्याकाळभर तिच्यासमोर बसलो. कुठे काही गडबड नाही, सगळीकडे शांतता. शेवटी मी प्राचीला जाहीर केलं, की आपलं नेट अगदी निरोगी आहे, दोष तुझ्या साच्यात असावा. पुरावा म्हणून राजरत्नला पडद्याचा फोटो पाठवला.

त्याचं उत्तर आलं, की सर्व्हरला बाहेर जायचे रस्ते वेगळे असतात आणि स्वतःशी बोलायचा एक रस्ता वेगळा असतो. मी तो दुसरा बघतोय. म्हणजे अख्खी संध्याकाळ मी एका यंत्राला स्वतःशीच पुटपुटताना पाहत होतो आणि त्याला शांतता समजत होतो.

"त्यात काय," प्राची भाजी निवडत म्हणाली, "मी लग्नापासून तेच करतेय."

दुसऱ्या दिवशी योग्य रस्ता लावला आणि काळा पडदा जिवंत झाला. काय सांगू तुम्हाला. एकाखाली एक ओळी, डावीकडे आपल्या बिल्डिंगीतलं यंत्र, उजवीकडे बाहेरचं जग, मध्ये छोटे छोटे बाण, आणि प्रत्येक ओळीवर पांढरी पट्टी, जी वाढते, आक्रसते, पुन्हा फुगते. जणू सगळी बिल्डिंग माझ्यासमोर श्वास घेत होती. फक्त एक अडचण होती. नावांच्या जागी नुसते नंबर. कुठला नंबर कुणाच्या घरातला, हे घरोघर जाऊन प्रत्येकाच्या फोनमध्ये बघितल्याशिवाय कळणार नव्हतं.

म्हणून मी निघालो. आणि दारोदार, कुणी काही विचारायच्या आत, सांगत सुटलो, "आता कोण काय करतं ते मला सगळं दिसतं."

हे खोटं होतं. मला दिसत होता नंबर आणि पट्टीची लांबी. पाण्याच्या मीटरवरून माणसाने अंघोळ केली की भांडी घासली हे कळत नाही, तितपतच. पण एकदा वाक्य तोंडातून गेलं, आणि त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली.

दीपक, आमचे सेक्रेटरी. हातात डबा, डब्यात कोळंबीचं सुकं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि दबक्या आवाजात विचारलं, "लवू, माझं बघितलंस ना तू?"

"हं," मी म्हणालो. (हा 'हं' मी ऑफिसात घडवलेला आहे. त्यात होकार, नकार आणि सहानुभूती तिन्ही मावतात.)

"केसांसाठीच आहेत रे ते व्हिडिओ. खाटेवरून डोकं खाली सोडलं की मुळांना रक्त मिळतं म्हणे. हिला सांगू नको. ती समजते मी पाठीसाठी करतो."

मी वचन दिलं. सुकं अप्रतिम होतं.

मग पहिल्या मजल्यावरच्या रमाबाई आल्या. वय विचारलं तर मारतील, पण बिल्डिंगीत त्यांच्याआधी फक्त तुळस होती. दुपारी दार लावून त्या पोथी वाचतात आणि त्या वेळात जिन्यावर कुणी खोकायचं नाही, असा आमचा नियम. त्यांनी घावण्यांची थाळी माझ्यापुढे आदळली.

"मेल्या, तुका दिसलाच आसतला म्हणान सांगतंय. पोथी नाय ती. कोरियातली सिरियल बघतंय मी."

"हं," मी म्हणालो. "मग, जमलं का मुलामुलीचं लग्न?"

"खंय जमता! झील डॉक्टर आसा, पण त्येका चेडवाचो हात धरूक अजून येना नाय. माझो जीव चल्लो." मग जाता जाता दारात थांबून, "कोणाक सांगलंस तर घावणे परत घेतलंय समज."

घावणे तोपर्यंत परत घेण्याच्या अवस्थेत राहिले नव्हते.

अशी माझी मेजवानी चालू असताना समोरचा व्हिक्टर आला. रिकाम्या हाताने. व्हिक्टर म्हणजे पांढऱ्या मिशा, इस्त्रीची पँट, लग्नाच्या हॉलमध्ये नाचायला उतरला की बाकीची जोडपी खुर्च्यांवर जाऊन बसतात. त्याची बायको पॉलीन. तिच्या तोंडापुढे फक्त चर्चची घंटा टिकते.

"लवू, तू पॉलीनला बोलला नाय ना?"

"हं," मी म्हणालो.

"थँक यू, मेन." तो खुर्चीत बसला, घाम पुसला, आणि जे सांगितलं ते ऐकून माझा 'हं' घशातच राहिला. टोरांटोचा वॉरेन म्हणजे तो. वॉरेन त्याचा भाऊ, तो खराच टोरांटोला असतो, पण प्राचीच्या क्लासमध्ये बसतो तो व्हिक्टर, गल्लीच्या पलीकडे, स्वतःच्या स्वयंपाकघरात, दार लावून.

"अरे, मग सरळ आमच्याकडे ये ना शिकायला. गल्ली ओलांडली की आलंच किचन."

"आणि सगळी वाडी बघणार. लवू, पॉलीन सगळ्यांना सांगते, व्हिक्टरला किचनमध्ये पाणी पण सापडत नाय. आता अॅनिव्हर्सरी आहे आमची. तिला प्राचीचे शिरवाळे किती आवडतात तुला माहीतंय. त्या दिवशी मी स्वतः करून तिच्या पुढ्यात ठेवणार, आणि बोलणार काय नाय. फक्त बघत राहणार." त्याने मिशी सारखी केली. "गेल्या संडेला तुझं बनियन आलं मध्ये. मी अर्धंच शिकलो."

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली, की हे गुपित माझ्याबरोबर जाईल. तो निघाला तेव्हा त्याच्या चालण्यात थोडा नाच होता.

आता मुद्दा असा, की सगळ्यांचे नंबर लागले तरी एक नंबर उरला. कुठल्याच घरातला नाही. आणि त्याचीच पट्टी सगळ्यांत जाड. बाकीच्या पट्ट्या वाढायच्या, निजायच्या. ही आपली अखंड, सगळी बिल्डिंग दुपारची घोरत असतानासुद्धा. रविवार उद्यावर आला होता. मी ठरवलं, पेटीतल्या वायरी एकेक करून काढायच्या. जिच्यासरशी पट्टी जाईल, ते घर चोर.

आता हे काम फोनवर बोलत दोन माणसं सहज करू शकतात. पण गच्चीवर अँटेना फिरवायच्या दिवसांपासून आमच्या बिल्डिंगीत अशा कामाची एक पद्धत आहे. एकाने हलवायचं, दुसऱ्याने आत बघायचं, आणि तिसऱ्याने मध्ये उभं राहून निरोप पोचवायचा. फोनवर बोललं तर बाकीच्या बिल्डिंगीला काय कळणार? त्यामुळे खाली चौकात स्टुलावर दीपक, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रमाबाई, वर पडद्यासमोर मी, आणि उरलेले सगळे कठड्याला टेकून.

दीपकने एक वायर काढली. रमाबाई ओरडल्या, काढल्यान. मी ओरडलो, आहे अजून. रमाबाई खाली ओरडल्या, आसा. दीपकने वायर परत खोचली, दुसरी काढली. असं छान चाललं होतं. मग दीपकने एक काळी, बिननावाची वायर काढली आणि माझ्या पडद्यावरची जाडी पट्टी फट्कन नाहीशी झाली.

"गेली," मी ओरडलो.

पण नेमकी त्याच वेळी खाली कोळीण आली होती आणि रमाबाईंनी तिच्या पापलेटांच्या वयाबद्दल शंका काढली होती. तो प्रश्न धसाला लागेपर्यंत दीपक स्टुलावर ताटकळला. उत्तर आलं नाही म्हणजे पट्टी आहेच, असं समजून त्याने काळी वायर परत खोचली आणि पुढची काढली. तेवढ्यात रमाबाईंना माझा निरोप आठवला. "गेली रे गेली, हीच ती."

आणि दीपकच्या हातात होती व्हिक्टरची वायर.

वर माझ्या पडद्यावर पट्टी अजूनही नाहीशीच होती. यंत्र खोटं कशाला बोलेल? मी गॅलरीत आलो, आणि अख्ख्या बिल्डिंगीसमोर, देव मला क्षमा करो, विचारलं, "व्हिक्टर, काय चालवलंयस रे तू घरात?"

समोरच्या खिडकीत व्हिक्टर उभा होता. शेजारी पॉलीन. तो काय सांगणार? मी फक्त रविवारी क्लासला बसतो, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. पण पॉलीनच्या देखत ते म्हणता येईना. त्याने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "सॉरी, लवू. चूक झाली."

न केलेली चूक त्याने कबूल केली, एका ताटभर शिरवाळ्यांसाठी. मला कळलं होतं. आणि मी कठडा धरून नुसता उभा.

पॉलीन मात्र जिना चढून वर आली. "आमचा व्हिक्टर चोर? लवू, त्याला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाय, रिमोट उलटा धरतो, तो तुझं नेट खाणार?" समोरच्या खिडकीत व्हिक्टरचा चेहरा असा झाला, की आपली बाजू घेतली जातेय की अब्रू, हे त्याला कळेना. "आणि ठेव तुझी वायर तुझ्याकडे. आम्हाला नको."

म्हणजे उद्याच्या क्लासला वॉरेन नाही. प्राची आतून आली, तिने फक्त माझ्याकडे बघितलं. तिला वॉरेनचं काही माहीत नव्हतं. तरी तिने जसं बघितलं तसं मी माझ्याकडे आधीच बघून घेतलं होतं.

आत जाऊन पडद्यासमोर बसलो, तर पट्टी परत आलेली. जाडजूड, मजेत. व्हिक्टरची वायर खाली दीपकच्या हातात लोंबकळत असताना.

मी राजरत्नला फोन लावला. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "बाण कुठल्या बाजूला आहे?"

"कसला बाण?"

"लवू, तू इतके दिवस त्या पडद्यात काय बघत होतास?"

मी बघितलं. बाण बाहेरच्या बाजूला होता. आतून वर, जगाकडे.

"मग कुणी काही बघत नाहीये," राजरत्न म्हणाला. "तुमच्या बिल्डिंगीतून कुणीतरी काहीतरी दाखवतंय. सतत. आणि म्हणूनच वहिनींचं चित्र बाहेर जाऊ शकत नाही."

मी चुकून हे वाक्य मोठ्याने परत म्हणालो. त्याचा परिणाम बघण्यासारखा होता. रमाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. दीपकने दोन्ही हात टकलावर ठेवले. दोरीवरचे कपडे भराभर आत गेले. ज्या बिल्डिंगीत कुणाच्या घरी कुठली उसळ शिजतेय ते सगळ्यांना ठाऊक असतं, तिथली माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली.

पुन्हा वायरी काढल्या. या वेळी उत्तर आल्याशिवाय कुणी हलायचं नाही आणि मासे घ्यायचे नाहीत, असं ठरवून. काळी बिननावाची वायर निघाली, आणि पट्टी गेली. खोचली, आणि जरा दम खाऊन पट्टी परत आली. आता त्या वायरीमागे चालायचं होतं. पुढे मी, मागे दीपक, रमाबाई, मग सगळी बिल्डिंग, आणि शेवटी हाताची घडी घालून पॉलीन, असं आमचं मंडळ भिंतीला धरून निघालं. वायर पेटीतून भिंतीवर, भिंतीवरून तुळशीमागे, तिथून विजेच्या मीटरांच्या वर, आणि तिथे, कोळिष्टकांत, एक छोटा गोल कॅमेरा. हिरवा दिवा लागलेला. आमच्याकडे टक लावून.

रमाबाईंनी केस सारखे केले. आणि मग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडे बघायला सुरुवात केली, कारण एकेकाला आठवायला लागलं होतं. मला सगळ्यांत शेवटी आठवलं.

कार्तिकात चौकात तुळशीचं लग्न झालं. गावाकडच्यांना आणि आखातात असलेल्यांना घरबसल्या अक्षता टाकता याव्यात, म्हणून ते लाइव्ह दाखवायची कल्पना माझी. शिडीवर चढून कॅमेरा लावला मी. वायर ओढली मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या मलाच. मग लग्न लागलं, ऊस वाटले, चुरमुरे संपले, तुळस नांदायला लागली, आणि कॅमेरा बंद करायचा राहिला.

राजरत्नने तिकडून शोधून सांगितलं, की प्रक्षेपण अजून चालू आहे आणि आत्ता या क्षणी बघणारेही आहेत. ते कोण, हा प्रश्न फार वेळ उरला नाही. प्राचीचा फोन वाजला. कोकणातून, आचऱ्याहून तिची आई.

"अगो, सगळी एकदम चौकात कित्याक जमलीत? कोण गेला काय?"

सासूबाई कार्तिकापासून रोज दुपारी आमचा चौक बघत होत्या. एकट्या नाही, आजूबाजूच्या बायका जमवून, मोठ्या टीव्हीवर. प्राची कट्ट्यावर बसलीच. नवी साडी घेतली की आई फोनवर न सांगता रंग ओळखायची, बाजारातून दमून आली की लगेच 'पाय दुखतत काय गो' विचारायची. "आणि मी सगळ्यांना सांगत होते," ती म्हणाली, "की माझ्या आईला माझ्या मनातलं कळतं."

मी कॅमेऱ्याकडे हात नेला, तर फोनमधून असा गलका झाला की हात तसाच खाली आणला. दीपक गॅलरीतल्या खाटेवरून उलटा का टांगून घेतो यावर तिकडे दोन तट पडले होते म्हणे. आता मध्येच बंद केलं तर चालणार नाही. शेवटी राजरत्ननेच मार्ग काढला. चित्र लहान आणि जरा धूसर करायची आज्ञा त्याने दिली, मी टंकली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती जाडी पट्टी हवा गेलेल्या फुग्यासारखी बारीक झाली.

मग मी व्हिक्टरकडे गेलो. सगळ्यांसमोर, गल्लीत उभा राहून हात जोडले आणि म्हटलं, चूक माझी, यंत्र माझं, कॅमेरा माझा. पॉलीनने मला पूर्ण ऐकून घेतलं, मग पुन्हा एकदा सांगायला लावलं, कारण पहिल्या वेळी तिची बहीण गॅलरीत आली नव्हती. व्हिक्टरची वायर मी स्वतःच्या हाताने खोचली. त्याने मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "उद्या क्लास किती वाजता?"

रविवारी पॉलीन बहिणीबरोबर माटुंग्याला गेली होती. प्राचीने साचा फळीवरून काढला. सगळ्या पोरी आल्या, वॉरेनही आला. चित्र काचेसारखं स्वच्छ, एकदाही अडखळलं नाही. मी दारामागे लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि तिला धीर यावा म्हणून अधूनमधून सांगत होतो, पट्टी ठीक आहे, बाण ठीक आहे, वेग उत्तम आहे. पहिला घाणा सुरेख उतरल्यावर तिने पोरींना 'एक मिनिट हं' म्हटलं आणि आवाज बंद करून माझ्याकडे वळली.

"अहो, नेट छान चालू आहे. आता तुम्ही बंद व्हा."

म्हणून मी खाली येऊन तुळशीजवळ कट्ट्यावर बसलो. वर पोरी हसत होत्या, प्राची हसत होती. गल्लीपलीकडून वेलचीचा आणि नारळाचा वास येत होता, आणि खिडकीत व्हिक्टर, कमरेला पॉलीनचा फुलाफुलांचा एप्रन, दोन्ही हातांनी साचा दाबत होता. शेवया पडल्या. त्याने तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. मला इतका आनंद झाला की हे सगळं आपणच घडवून आणलं, असं मी स्वतःला जवळजवळ पटवलंच होतं, तोच फोन वाजला. आचरा.

"जावयबापू," सासूबाई म्हणाल्या, "वायच कडेक सरका बघू. तुमच्या डोक्यामुळे त्या मिशीवाल्याचो साचो आमका दिसना नाय."

मी सरकलो. पलीकडून एकदम बऱ्याच बायकांचा आवाज आला, "हां, आता बरा."